पोस्टग्रेसच्या आयडेंटिटी रकान्यात आकडे मधेच का गळतात?

प्रश्न
आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये बिलांच्या टेबलमधील आयडी हा आयडेंटिटी रकाना (प्रत्येक नव्या नोंदीला आपोआप पुढचा आकडा देणारा) असून तोच आकडा आम्ही बिलक्रमांक म्हणून छापतो. एकही नोंद कोणी काढलेली नसताना १०४१ नंतर थेट १०४४ आला, आणि मधली दोन बिले कोठे आहेत असे हिशेबनीस विचारत आहेत. हा खंड पडू नये यासाठी एखादी सेटिंग आहे का?

उत्तर १
अशी सेटिंग नाही. आयडेंटिटी रकान्यामागे सिक्वेन्स, म्हणजे पुढचा आकडा देणारा गणक, असतो आणि त्याने एकदा दिलेला आकडा, ट्रान्झॅक्शन (सगळे मिळून पूर्ण किंवा सगळे मिळून रद्द होणारे बदल) रोलबॅक, म्हणजे रद्द, झाले तरी, परत घेतला जात नाही. तो परत घ्यायचा म्हटले, तर आधी आकडा घेतलेले ट्रान्झॅक्शन कमिट (कायम) होते की रोलबॅक हे कळेपर्यंत बाकीच्या सर्वांना ताटकळावे लागेल. 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (तशी नोंद आधीच असल्यास काही न करण्याची सूचना) वापरत असाल, तर नोंद न होताही आकडा खर्च होतो. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये तर, सर्व्हर अचानक बंद पडल्यास इंट (पूर्णांक) प्रकारचा आयडेंटिटी रकाना हजारभर आकडे पुढे उडी घेऊ शकतो. आयडीचे काम नोंद ओळखण्याचे आहे, मोजण्याचे नव्हे.

उत्तर २
सिक्वेन्स सोडून द्या आणि नोंद करताना सर्वांत मोठ्या क्रमांकात एक मिळवा.

उत्तर ३
वरील उपाय एकच माणूस बिले करत असेल तोवरच चालेल. दोन खिडक्यांवर एकाच वेळी बिल झाले, तर दोघांनाही १०४४ हाच मोठा आकडा दिसेल आणि दोघेही १०४५ लिहू पाहतील. युनिक बंधन (तोच आकडा दुसऱ्यांदा न स्वीकारण्याचा नियम) असल्यास एकाला त्रुटी येईल, नसल्यास दोन बिले एकाच क्रमांकाची होतील.

आयडी आहे तसाच राहू द्यावा आणि बिलक्रमांकासाठी वेगळा रकाना करावा. आर्थिक वर्ष व शेवटचा क्रमांक एवढेच असलेला छोटा टेबल ठेवून, बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'अपडेट... रिटर्निंग' ने (आकडा बदलून नवा आकडा लगेच परत देणारी आज्ञा) तो शेवटचा क्रमांक एकाने वाढवून घ्यावा. त्या ओळीवर कुलूप बसत असल्याने दुसरे बिल थांबते आणि रोलबॅक झाल्यास आकडाही मागे जातो. जीएसटी नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो, म्हणून वर्ष व क्रमांक या जोडीवर युनिक बंधन घालावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. या कुलपामुळे वेग मंदावेल का? आणि रद्द झालेल्या बिलाचे काय करावे?

उत्तर ३
दुकानाच्या बिलांना हा वेग पुरून उरतो. फक्त क्रमांक घेण्याची पायरी ट्रान्झॅक्शनच्या अगदी शेवटी ठेवावी, आणि कुलूप हातात असताना ईमेल पाठवणे किंवा पीडीएफ तयार करणे टाळावे. रद्द बिलाची नोंद काढून न टाकता तिची स्थिती 'रद्द' करावी, कारण जीएसटीआर-१ या विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राच्या तक्ता १३ मध्ये कोठून कोठपर्यंत क्रमांक दिले आणि त्यांतील किती रद्द झाले, हे सांगावे लागते.