तारीख उलटली, कळा नाहीत: तुम्ही काय ठरवलंत?

आज चाळीस आठवडे आणि चार दिवस. पहिलटकरीण आहे, जळगावला माहेरी आलेय. शनिवारची तारीख गेली, कळांचा पत्ता नाही. डॉक्टर म्हणतात, येत्या शनिवारी ४१ पूर्ण होतील, दाखल व्हा, कळा आणू. आई म्हणते, फळ पिकलं की आपोआप सुटतं, ओढू नये. सासूबाईंचा धुळ्याहून रोज फोन, "काही झालं का?" फोन ठेवला की रडू येतं. तुमची तारीख उलटली तेव्हा काय ठरवलंत आणि कशावरून, ते सविस्तर लिहा.

भुसावळ
मी ४१ आठवडे १ दिवसाला दाखल झाले. माझी भीती एकच, कळा आणायला गेलं की शेवटी सिझरच होतं. डॉक्टरांनी बसवून समजावलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ३९ आठवड्यांना कळा आणलेल्या पहिलटकरणींचं सिझर १८.६ टक्के झालं, वाट पाहिलेल्यांचं २२.२ टक्के. पण पिशवीचं तोंड कितपत तयार आहे त्यावर बरंच असतं, हेही सांगितलं. संध्याकाळी जेल लावलं, रात्री पुन्हा तपासलं, सकाळी तोंड दोन बोटं उघडलेलं. मग सलाईनमधून कळांचं औषध. सिस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत थेंब मोजायच्या, आठ, मग सोळा. पोटाला मशीनचा पट्टा. कळा एकदम जोरात येतात, त्याची तयारी ठेव. बावीस तास लागले. नॉर्मल झाली, मुलगी.

अमळनेर
मी थांबले. एक दिवसाआड एनएसटी (पट्टा लावून बाळाचे ठोके बघतात ती तपासणी) आणि सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी बघणं चालू होतं, दोन्ही चांगलं. आजी म्हणायची, "व्हई जाई बेटा, घाबरू नको." ४० आठवडे ६ दिवसांना पहाटे कळा सुरू झाल्या.

धडगावकडची आशा ताई
आधी तारीखच खरी आहे का ते बघा. आमच्याकडे पाळीची तारीख विचारली की उत्तर येतं, "आखाजीच्या आसपास," म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या. आसपास म्हणजे पंधरा दिवस इकडे की तिकडे? पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर तिचा हिशोब धरतात. सातव्या महिन्यात पहिल्यांदा केलेल्या सोनोग्राफीत दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो. एका बाईला घरचे ४२ म्हणत होते, जुना कागद सापडला तेव्हा ३९ निघाले. आणि एकीचे खरंच ४२ होत आले होते, घरचे म्हणाले पाऊस थांबू दे. मी १०२ बोलावून बसवूनच नेलं. दिवस वर गेले की बाळाला पोसणारी वार थकते, पाणी कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही तारीख पक्की असेल तर ४१ पूर्ण झाल्यावर कळा आणण्याचाच आहे. डोंगरातून यायला चार तास लागणाऱ्या बाईने अमळनेरच्या ताईंसारखी घरी वाट बघू नये, हे माझं स्पष्ट मत.

शिरपूर
पहिलं सिझर असेल तर आधी सांगा. जुने टाके उसवण्याच्या धोक्यामुळे मला कळांच्या गोळ्या द्यायला डॉक्टरांनी नकार दिला. दुसरंही सिझरच केलं. मला पटलं होतं.

धुळे
४० आठवडे ५ दिवस. दुपारपासून बाळ हलेना. दवाखान्यात फोन केला तर "उद्या ओपीडीत या." तो राग अजून जात नाही. गोड खाऊन डाव्या कुशीवर दोन तास पडले, दहा वेळा हलायला हवं, चारदाच हललं. नवऱ्याने गाडी काढली, दुसरीकडे गेलो. पाणी अगदी कमी, बाळाने आत शी केलेली. रात्रीच सिझर झालं. बाळ दोन दिवस काचेच्या पेटीत होतं, आता पहिलीत जातो. बाळ कमी हललं तर सकाळची वाट बघू नकोस. फोनही नको, सरळ जा.

जळगाव (मीच)
फाईल काढली. अकराव्या आठवड्याची सोनोग्राफी आणि पाळीचा हिशोब जुळतोय, म्हणजे तारीख खरी. आईला आशा ताईंचं वाचून दाखवलं, ती गप्प झाली, मग म्हणाली, चल, बॅग भरू. उद्या एनएसटी आहे. तोवर कळा आल्या नाहीत तर शनिवारी दाखल होते. भुसावळच्या ताई, जेल लावल्यावर जेवू देतात का?