मांडणशिल्प : हँडल उलटं फिरवल्यावर वेल मागं जावी का?

द्राक्षवेल :
नमस्कार मंडळी. मी नाशिकची, शाळेत चित्रकला शिकवते. येत्या फेब्रुवारीत गोदाकाठच्या महोत्सवात तीन संध्याकाळींसाठी मला एक भिंत मिळालीय. आठ फूट बाय साडेचार फूट चित्र बसेल एवढी. तिच्यावर चित्रफीत दिसेल, पण आपोआप चालणार नाही. समोर लोखंडी हँडल असेल. ते फिरवलं तरच चित्र सरकेल, हात थांबला की चित्र थांबेल.

चित्रफीत माझ्या मामाच्या दिंडोरीच्या बागेतल्या एका द्राक्षवेलीची आहे. गेल्या हंगामात ऑक्टोबर छाटणीच्या (फळं धरण्यासाठी करतात त्या छाटणीच्या) दिवशी मी खांबाला जुना कॅमेरा बांधला. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर पाव तासाला एक फोटो, काढणीपर्यंत १२५ दिवस. रोजच्या जवळपास पन्नास फोटोंतले आठ ठेवलेत. म्हणजे १००० चौकटी, आणि हँडलचा एक फेरा म्हणजे एक दिवस.

आठच का? मूकपटांच्या काळात हातानं फिरवायचा कॅमेरा एका फेऱ्याला आठ चौकटी टिपायचा, आणि सेकंदाला साधारण दोन फेरे द्यायचे. आमच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतलं वाटाण्याचं रोप उगवताना असंच एकेक चौकटीनं टिपलं, आणि ते दाखवून पहिल्या चित्रपटासाठी पैसा उभा केला. ते वाचल्यापासून ही वेल माझ्या डोक्यात होती.

आता अडचण सांगते. छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे अंकुर, फुटतात, पोंगे (मिटलेली कोवळी पानं) येतात, घड दिसू लागतात. आणि ४१व्या रात्री गारा पडल्या. कॅमेरा रात्री बंद असायचा, त्यामुळे माझ्याकडे गारांचं एकही चित्र नाही. ४१व्या दिवसाच्या शेवटच्या चौकटीत पानं हातासारखी पसरलेली आहेत. ४२व्याच्या पहिल्या चौकटीत त्यांची चाळणी झालेली, आणि उजवीकडचा घड देठापासून लोंबतोय. दोन चौकटींच्या मध्ये मामाचं अर्धं वर्ष गेलं.

घराच्या पडवीत चाचणी घेतली, तेव्हा शेजारची दहा वर्षांची मुलगी तिथं थांबली आणि तिनं हँडल उलटं फिरवलं. पानं पुन्हा अखंड झाली. ती खूश झाली. मामा मागं खुर्चीवर बसला होता. तो उठून आत गेला.

उलटं फिरवणं मला स्वतःला फार आवडतं. पान मिटत मिटत पोंग्यात जातं ते बघताना अंगावर काटा येतो. पण आता हात धजत नाही. काय करावं? दुसरं, कोणी फिरवत नसेल तेव्हा चित्रफीत आपोआप चालू ठेवा, संगीत लावा, असं आयोजकांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही.

रीळवाला :
ताई, १९६७ च्या माँट्रियल जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात किनोऑटोमॅट नावाचा प्रयोग झाला होता, राडूझ चिंचेरा यांचा. प्रत्येक खुर्चीला हिरवं आणि लाल बटण. गोष्ट मध्येच थांबायची, प्रेक्षक मत द्यायचे, बहुमतानं कथा पुढं जायची. दोन प्रोजेक्टर एकाच वेळी चालू, आणि नको त्याच्या भिंगावर झाकण. प्रत्येक फाटा पुढं पुन्हा एका वाटेला मिळायचा. लोकांनी काहीही निवडलं तरी शेवटी इमारतीला आग लागायचीच, आणि ती आग सुरुवातीलाच दाखवलेली असायची.
तुमच्याकडे तशाच अटळ गारा आहेत. ४१ दिवसांपर्यंत उलटं जाऊ द्या, ४२ नंतर नाही. हँडल मागं फिरेल, चित्र जागचं हलणार नाही.

सायकलमिस्त्री_सांगली :
रीळवालेसाहेब, तसं केलं तर लोक म्हणतील बिघडलंय, आणि जोर लावून हँडल मोडतील. हाताला कळलं पाहिजे.
ताई, सायकलचं फ्रीव्हील बसवा. पुढं फिरवलं की चाक घेतं, मागं फिरवलं की नुसतं कटकट वाजतं. उलटं पेडल मारलेल्या प्रत्येकाला तो आवाज ओळखीचा असतो, त्याला कोणी बिघाड म्हणत नाही. फेरे मोजणारा एन्कोडर चाकाच्या बाजूला लावा, हँडलच्या नको. मात्र हात सोडल्यावर चाक स्वतःच्या वेगानं फिरत राहील, म्हणून त्याला नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) तुकडा घासता ठेवा. हँडल जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटांवर असू दे. मग लहान मुलालाही पुरेल आणि व्हीलचेअरवरच्या माणसालाही.
आणि व्हिडिओ बनवू नका. एच.२६४ या व्हिडिओ साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत बहुतेक चौकटींत फक्त आधीच्या-नंतरच्यांपासूनचा फरक साठवलेला असतो, मनाला येईल तिथं थांबत-पळत गेलं की अडखळतं. १००० जेपीईजी फोटोच सरळ मेमरीत घ्या.

मंडळाचा_कार्यकर्ता :
बावीस वर्षं गणपतीचे देखावे केलेत, त्यातलं सांगतो. सातच्या आत सुरू करू नका, उजेडात प्रोजेक्टर फिका पडतो. ३००० ल्युमेन उजेडाचा प्रोजेक्टर या मापाला अंधारात भरपूर होतो, फक्त समोरचा रस्त्यावरचा दिवा झाकून घ्या. वीज गेली तर यंत्र आपोआप त्याच दिवसावर परत आलं पाहिजे, नाहीतर तुम्ही तीन तास कीबोर्डलाच चिकटाल.
आयोजकांचं ऐकू नका. थांबलेलं चित्र आणि मोकळं हँडल दिसलं की कोणीतरी पुढं येतंच. पहिला माणूस मात्र तुमचा ठेवा. त्यानं काही समजावून सांगायचं नाही, पाच फेरे फिरवून बाजूला व्हायचं.
एका माणसाला १२५ फेरे देऊ नका, रांग तुंबेल.

द्राक्षवेल :
सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रीव्हील बसवलं. पोंग्यात परत जाणारं पान मी सोडून दिलं, वाईट वाटलं, पण सोडलं. ४१ आणि ४२ च्या मध्ये एक पूर्ण फेरा काळा ठेवलाय, आठ काळ्या चौकटी. कॅमेऱ्यानं जे पाहिलं नाही ते मी दाखवत नाही, पण ती रात्र फिरवूनच ओलांडावी लागते. संगीत नाही. चाकाचा आवाज आहे, तो पुरे.

फेऱ्यांचं असं ठरवलं : प्रत्येकानं हवं तेवढं फिरवायचं, पुढच्यानं तिथूनच पुढं न्यायचं. कोणाच्या वाट्याला डोळे फुटणं येईल, कोणाच्या विरळणी (घडातले जादा मणी काढणं), कोणाच्या मण्यांत पाणी उतरणं. कितवा दिवस चाललाय ते बाजूच्या फळ्यावर खडूनं लिहीन.

काल मामाला पुन्हा बोलावलं. त्यानं छाटणीपासून सुरुवात केली, सावकाश. अंधार आला तेव्हा हात थांबला, पण हँडलवरून निघाला नाही. मग त्यानं तो फेरा पूर्ण केला. ४२वी सकाळ उजाडली, लोंबणारा घड दिसला. तो म्हणाला, "हा तिसऱ्या दिवशी कापला मी, तुला दिसेल बघ." आणि पुढं फिरवू लागला. ४४व्या दिवशी चौकटीत त्याचाच हात आला, कात्रीसकट. फोटो निवडताना तो माझ्या नजरेतून सुटला होता.

आता नाशिकमध्ये तीन दिवसांसाठी भाड्यानं प्रोजेक्टर आणि दोन तासांचा यूपीएस कोणाकडे असेल तर इथंच कळवा.