मदत हवी आहे: एसक्यूएल बरोबर चालते, बेरीज मात्र दुप्पट

नमस्कार मंडळी. इंदूरच्या सियागंजातल्या एका मसाल्याच्या ठोक दुकानाचा डेटा सांभाळतो, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. शेठजींना रिपोर्ट नकोत, सरळ विचारायचं असतं: "दीवाली पे हल्दी सबसे ज़्यादा किसने उठाई?" म्हणून भाषा-मॉडेलला टेबलांची रचना देऊन एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहून घेतो आणि फक्त वाचण्याची परवानगी असलेल्या युजरने चालवतो. हिंदीची मॉडेलला काहीच अडचण नाही.

पंचाईत अशी की एरर येतच नाही. बिलं आणि वसुली ही टेबलं जोडली की दोन हप्त्यांत चुकतं झालेलं बिल दोनदा मोजलं जातं. 'वसुली आधी बिलवार एकत्र कर, मग जोड' असं सूचनेत लिहिलंय. कधी ऐकतं, कधी नाही. दिवाळी म्हटलं की सरसकट ऑक्टोबर धरतं, २०२३ची तर १२ नोव्हेंबरला होती! त्यासाठी सणांच्या तारखांचं वेगळं टेबल करतोय, ते निभेल.

बेरजेचं काय? आधीच एकत्र केलेले व्ह्यू (टेबलासारख्या वापरता येणाऱ्या साठवलेल्या क्वेऱ्या, म्हणजे एसक्यूएलमधले प्रश्न) बनवून मॉडेलला तेवढेच दाखवावेत, की नमुन्याचे प्रश्न आणि क्वेऱ्या वाढवाव्यात? खऱ्या दुकानाच्या डेटावर कोणी केलंय का? आणि मालकाला आकड्याखाली एसक्यूएलही दाखवता का? आमचे ती बघून चहा मागवतात.