नेमाडे सलग वाचायचे, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (यावल तालुका)

आमच्या गावच्या वाचनालयात दर पंधरवड्याला दहा-बारा वाचक एकत्र बसतात. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, केळीचे बागायतदार आहेत आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलीही आहेत. या पावसाळ्यात भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्या आणि त्यांचे समीक्षालेखन सोबतच वाचावे असे ठरले आहे. त्यांचे सांगवी आमच्याच तालुक्यातले, तरीही आमच्यापैकी बहुतेकांचे वाचन ‘कोसला’पाशी थांबलेले आहे. मी स्वतः त्यांचे ‘टीकास्वयंवर’ हे समीक्षेचे पुस्तक दोनदा हाती घेतले आणि पन्नासेक पानांनंतर मिटले, कारण ज्या पुस्तकांवरून वाद चालला होता त्यांतली निम्मी मी वाचलेली नव्हती. कृपया जाणकारांनी क्रम सुचवावा.

फैजपूर

‘कोसला’ पुन्हा वाचा. ती 1963 साली आली आणि आपण ती बहुधा विशीत वाचली असणार. तेव्हा पांडुरंग सांगवीकरचे पुण्यातले दिवस आणि त्याचे ‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’ एवढेच लक्षात राहते. पन्नाशीत वाचताना मात्र धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूनंतरची पाने आणि वडिलांशी असलेला त्याचा अबोला यांवर माणूस अडून बसतो. त्यानंतर ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ याच क्रमाने घ्या. चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक एका गावातून दुसऱ्या गावात बिऱ्हाड हलवत राहतो, आणि महाविद्यालयांतले जातींचे, संस्थाचालकांचे राजकारण ज्या बारकाईने इथे आले आहे, तसे मी मराठीत अन्यत्र वाचलेले नाही. आपल्याकडच्या निवृत्त शिक्षकांना या चार पुस्तकांवर बोलायला एक बैठक पुरणार नाही.

चोपडा

वरील मताचा आदर राखून सांगतो की बागायतदार मंडळी सोबत असतील, तर सुरुवात ‘हिंदू’पासून व्हावी. ही कादंबरी 2010 मध्ये आली. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडिलांच्या आजारपणामुळे मोरगावला परत निघतो आणि त्या प्रवासात कुटुंब, शेती, जातीपाती, आत्या-मावश्यांची आयुष्ये असा सगळा गाव त्याच्या आठवणीतून उलगडत जातो. कथानक सरळ चालत नाही, त्यामुळे पहिली शंभर पाने धीर धरावा लागतो. मी ती संध्याकाळी आईला मोठ्याने वाचून दाखवत असे. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण घरातल्या बायकांचे प्रसंग आले की ती मला थांबवून आपल्या माहेरच्या अशाच गोष्टी सांगू लागे, आणि कित्येकदा त्या दिवशीचे वाचन तिथेच राही. आपल्या बैठकीतही काही भाग असाच मोठ्याने वाचावा.

धुळे

ताई, ‘टीकास्वयंवर’ला 1991 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला असला, तरी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याचे पुस्तक नव्हे. त्यातला मराठी कादंबरीच्या प्रेरणा आणि स्वरूपाविषयीचा लेख आधी घ्या. ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या एकोणिसाव्या शतकातल्या तीन कादंबऱ्यांपासून तीन प्रवृत्ती निघाल्या, अशी त्यांची मांडणी आहे, आणि स्वतः नेमाडे ‘यमुनापर्यटन’च्या, म्हणजे वास्तवाला भिडणाऱ्या वाटेच्या बाजूने उभे राहतात. हा लेख ‘बिढार’नंतर वाचला, तर ती कादंबरी तशी का लिहिली गेली हे आपोआप उमगते, आधी वाचला तर तो नुसता वाद वाटतो. आपली अडचण मला वाटते हीच झाली असावी.

लघुकथेला ते जे हलके लेखतात ते मला आजही पटत नाही, आणि त्यावर आपल्या मंडळींनी जरूर भांडावे. देशीवादावरचे, म्हणजे साहित्य आपल्याच भूमीच्या आणि भाषेच्या परंपरेत रुजलेले असावे या विचारावरचे लेखन मात्र ‘हिंदू’च्या सोबतीनेच वाचावे. ज्यांना समीक्षा जड जाते त्यांना तुकारामांवरची त्यांची छोटी पुस्तिका द्या, आणि ‘देखणी’तल्या कविता मुलींकडून वाचून घ्या.

यावल तालुका

सर्वांची मनापासून आभारी आहे. धुळ्याच्या सरांनी माझे नेमके चुकले कुठे ते दाखवले. बागायतदारांचा कौल घेतला तेव्हा ‘हिंदू’लाच सर्वांत जास्त हात वर झाले, म्हणून पहिल्या चार बैठका तिला देत आहोत, त्यानंतर ‘बिढार’ आणि लगेच कादंबरीवरचा तो लेख. वाचनालयात ‘हिंदू’ची एकच प्रत आहे, त्यामुळे चोपड्याच्या दादांनी सुचवल्याप्रमाणे मोठ्याने वाचणे आता आम्हाला भागच आहे.