‘अलाउ’ म्हणजे परवानगी की मुभा?

दांडिया बाजारातून:
वडोदऱ्यातल्या आमच्या मंडळात कोडिंग शिकणाऱ्या मुलांसाठी क्लॉड कोडची, म्हणजे संगणकावर कमांड चालवून कोडिंगचं काम करणाऱ्या एआय साधनाची, माहिती मराठीत लिहितेय. अडलं ते सेटिंग्जच्या पानावर. तिथे तीन याद्या असतात, अलाउ, आस्क आणि डिनाय. अलाउमधली कमांड तो न विचारता चालवतो, आस्कमधली दर वेळी विचारून, डिनायमधली चालवतच नाही. मी त्यांना ‘परवानगी’, ‘परवानगी विचारा’ आणि ‘परवानगी नाही’ अशी नावं दिली. कच्चं पान वाचून एका मुलाने ‘गिट पुश’ (आपला कोड सर्व्हरवर पाठवणारी कमांड, ती विचारूनच चालायला हवी) पहिल्या यादीत लिहिलं. का म्हणून विचारलं तर म्हणाला, “ताई, ज्याला परवानगी लागते ते इथेच लिहायचं ना?” मला उत्तर देता येईना. त्याने मराठी बरोबर वाचलं होतं, शब्द माझाच चुकला होता. कोणता घ्यावा?

रावपुऱ्यातून:
ताई, परवानगी म्हटली की मागणारा आलाच. ती मागतात, ती मिळते किंवा नाकारली जाते. महसूल खात्यात माझी उभी नोकरी अर्जांवर शेरे मारण्यात गेली, त्यामुळे हा शब्द माझ्या हाडात बसलेला आहे. तुम्हाला हवा तो शब्द ‘मुभा’. मुभा कुणी दर वेळी मागायला जात नाही, ती असते. आमच्या घरी एकादशीला लहान मुलांना भाताची मुभा होती. दर एकादशीला ती आजीला विचारत नसत, सरळ पानावर बसत.

मूळ अरबी ‘मुबाह’. शरीयतमध्ये जे करण्याची सक्तीही नाही आणि बंदीही नाही, ते मुबाह. ‘परवानगी’ मात्र फारसी ‘परवाना’ला चिकटून आलेली, आणि परवाना म्हणजे हातात पडणारा लेखी हुकूम. आपल्या गावाला हे काम नवं नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, कारभारातल्या शब्दांचा ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा कोश इथेच निघाला. त्यात आठ भाषांतले पर्याय शेजारीशेजारी मांडलेले आहेत. शब्द असे एकमेकांशेजारी ठेवले की त्यांच्यातला फरक आपोआप दिसतो.

कारेलीबागेतून:
काकांचं पटलं. मी दिवसभर कोडिंगचंच काम करते, म्हणून एक भर घालते. मुभा नेहमी ‘कशाची’ असते, आणि ते कोडमध्येही खरं आहे. ‘एनपीएम रन टेस्ट’ या, कोडच्या चाचण्या चालवणाऱ्या कमांडची मुभा म्हणजे तेवढ्याचीच. दुसरं एक साधन वापरताना मी सतत येणाऱ्या प्रश्नांना कंटाळून गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, सगळ्याच कमांड मोकळ्या केल्या होत्या. चहा घेऊन परत आले तर ‘गिट रीसेट हार्ड’ चालून गेलं होतं आणि सकाळपासूनचं कमिट न केलेलं (गिटमध्ये अजून न नोंदवलेलं) काम पुसलं गेलं होतं. मी दिली होती ती मुभा नव्हतीच, ती मोकळीक होती. मोकळीकीला हद्द नसते. क्लॉड कोडमध्ये परवानगी विचारणंच गाळणारा ‘बायपास परमिशन्स’ नावाचा मोड आहे, त्याला मी मोकळीकच म्हणेन, आणि मुलांना त्यापासून लांब ठेवा असंही कळकळीने सांगेन.

आमच्या ऑफिसात गुजराती मुलं ‘छूट आपी दे’ म्हणतात. आपल्या बोलण्यात तेच ‘सूट दे’ होऊन येतं. ते मात्र पानात नको. मराठीत सूट म्हणजे लागू असलेल्या नियमातून कुणाला तरी वगळणं, नाहीतर दुकानातली दहा टक्के.

मांडवीहून:
डिनायला ‘मज्जाव’ सुचवणार होतो, पण तो शब्द दाराशी उभा असतो, मंदिरात मज्जाव, सभेत मज्जाव. पासवर्ड असलेली डॉट ईएनव्ही फाइल वाचू न देणं, इतक्यापुरता तो चालेल. पूर्ण यादीला ‘मनाई’च हवी. कोर्टाचा मनाई हुकूम आला की बांधकामाचा परवाना खिशात असला तरी काम थांबतं. त्या सेटिंग्जमध्येही आधी डिनाय पाहिला जातो, मग आस्क, शेवटी अलाउ. एकच कमांड दोन याद्यांत असेल तर मनाई जिंकते. म्हणजे अर्थ जुळतो आणि क्रमही.

दांडिया बाजारातून:
सगळ्यांचे मनापासून आभार. पान आता असं झालंय: ‘मुभा: टेस्ट चालवणे. विचारून: गिट पुश. मनाई: डॉट ईएनव्ही वाचणे.’ आस्कला नाम शोधत बसले नाही. आपण ‘विचारून कर’ म्हणतोच, तेच ठेवलं. काल त्याच मुलाला नवं पान दिलं. ‘गिट पुश’ त्याने न सांगता मधल्या यादीत लिहिलं.

‘मोड’ तेवढा राहिलाय. ‘पद्धत’ फार सैल वाटतो, ‘अवस्था’ आजारपणाचा. पान रविवारी छापायला द्यायचंय, त्याआधी कुणाला काही सुचलं तर सांगा.