अनुभव धागा: महाविद्यालयीन भूशास्त्र शिक्षकांनी एकत्र काम कसं करावं?

बऱ्याच महाविद्यालयांत भूशास्त्र विभाग म्हणजे एक-दोन शिक्षक. स्फटिकशास्त्रापासून भूजलापर्यंत सगळं त्यांनीच शिकवायचं, आणि अडलं तर विचारायला कुणी नाही. वेगवेगळ्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांचा गट तुम्ही चालवत असाल तर नेमकं काय करता, काय फसतं आणि का, ते इथे लिहा. बारीकसारीक तपशील आवर्जून हवेत.

गॅब्रो

सुरुवात एका प्रात्यक्षिकापासून करा. ५ ते ८ जण, निदान ३ महाविद्यालयांतले, आणि चालू सत्रात सगळ्यांनाच घ्यायचं आहे असं एकच प्रात्यक्षिक. अमेरिकेतल्या 'इंटिग्रेट' प्रकल्पात हेच तत्त्व होतं: वेगवेगळ्या संस्थांतल्या शिक्षकांनी मिळून धडे लिहायचे आणि आपापल्या वर्गात वापरून मगच पक्के करायचे.

भूकंपाचं अपिकेंद्र (भूकंप जिथे झाला त्याच्या बरोबर वरचा जमिनीवरचा बिंदू) शोधणं यासाठी उत्तम. साहित्य म्हणजे तीन केंद्रांचे भूकंपालेख, नकाशा आणि वर्तुळं काढायचा कंपास; प्रत्येक केंद्रापासूनचं भूकंपाचं अंतर काढून तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, तिन्ही मिळतात तिथे अपिकेंद्र. एकानं कच्चा मसुदा करावा, बाकीच्यांनी पंधरा दिवसांत तो वर्गात चालवावा, आणि बैठकीला मुलांनी सोडवलेले कागद घेऊनच यावं. मुलं कुठे अडली हे आपल्या आठवणीपेक्षा त्या कागदांवरून जास्त नीट कळतं.

दोन चुका हमखास निघतात. पी (आधी पोचणारी) आणि एस (मागून येणारी) या भूकंपलहरींच्या वेळेतल्या फरकाला ८ नं गुणलं की किमीमध्ये अंतर मिळतं, हे मुलांनी पाठ केलेलं असतं. कवचात पी लहर सेकंदाला ६ किमी आणि एस ३.५ किमी धरली तर गुणक ६ × ३.५ ÷ २.५, म्हणजे ८.४ येतो, १० सेकंदांचा फरक म्हणजे ८४ किमी. वेग बदलला की गुणक बदलतो, आणि लांबच्या भूकंपाला तो चालत नाही, प्रवासकालाचा (किती अंतराला लहरींना किती वेळ लागतो याचा) आलेखच लागतो. दुसरी चूक म्हणजे तिन्ही वर्तुळं एका बिंदूत मिळाली नाहीत की मुलं खोडून ती जुळवून देतात. मधे छोटा भाग उरणारच, असं उत्तरसूचीत स्पष्ट लिहा. भूकंप खोलवर झालेला असतो, वेग सगळीकडे सारखा नसतो, शिवाय आलेख वाचताना थोडं मागेपुढे होतं.

खनिजपेटी

महाविद्यालयांमधून फिरणाऱ्या दगड-खनिजांच्या नमुनापेटीनं गट जेवढा घट्ट होतो तेवढा चर्चेनं होत नाही. २० नमुने पुरेत. प्रत्येक नमुना तळहाताएवढा हवा आणि निदान एक बाजू ताजी फोडलेली. सगळीकडून झिजलेल्या दगडावरून मुलांना काही ओळखता येत नाही. नुसती चिकटवलेली कागदी चिठ्ठी गळून पडते आणि तो नमुना कायमचा निनावी होतो. म्हणून पांढऱ्या एनॅमलचा छोटा ठिपका द्यावा, वाळल्यावर त्यावर काळ्या शाईनं क्रमांक लिहावा आणि वरून पारदर्शक वॉर्निश लावावं. अक्षांश-रेखांश, थराचं नाव, गोळा केल्याची तारीख वहीत.

टाल्क आणि जिप्सम वेगळे गुंडाळा; क्वार्ट्‌झशी घासले की कठिणतेच्या चाचणीसाठी निकामी होतात. हॅलाइट बंद पिशवीत सिलिका जेलसोबत, नाहीतर पाणी धरतं. आम्ल पेटीत अजिबात घालू नका. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल ज्यानं त्यानं आपल्याकडचं वापरावं, आणि चाचणी कॅल्साइटच्या सुट्या तुकड्यांवर करावी. मुख्य नमुन्यावर केली तर त्याचं पाटन (खनिज ज्या सपाट पृष्ठांवर फुटतं ती पृष्ठं) मुलांच्या दोन-चार गटांतच खाल्लं जातं.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे दगडाचे पातळ काप सामायिक करताना जाडी तपासूनच स्वीकारा. ०.०३ मिमीच्या कापात क्रॉस्ड निकॉलखाली (एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमधून) क्वार्ट्‌झ करडा-पांढरा दिसतो. तो पिवळा दिसला तर काप जाड आहे, आणि मग बाकीच्या खनिजांचे रंगही चुकीचे शिकवले जातात.

क्लिनो

संयुक्त क्षेत्रभेटीत आदल्या दिवशी तीन गोष्टी ठरवा. चुंबकीय दिक्पात (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला कोन) होकायंत्राच्या कंपासवर लावायचा की नंतर गणितात धरायचा. स्ट्राइक (थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) उजव्या हाताच्या नियमानं, म्हणजे थर उजवीकडे उतरेल असा, लिहायचा की नतीची (थराच्या उताराची) दिशा लिहायची: १२०/४० आणि २१०/४० हा एकच थर आहे, पण एका तक्त्यात मिसळले तर नकाशावर नसलेली घडी उगवते! तिसरं, सगळ्यांच्या जीपीएसमध्ये डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा आधार) डब्ल्यूजीएस ८४ आहे ना. पहिल्याच उघड्या थरावर सगळ्यांनी तेच मोजमाप घ्यावं. कुणाचं ५ अंशांहून जास्त वेगळं आलं तर पुढे जाण्याआधी तो कंपास तपासा. बऱ्याचदा लोखंडी हातोडी जवळ असते.

टेथिस

एकमेकांचे तास पाहायचे असतील तर आरटीओपी हा अध्यापन-निरीक्षणाचा तक्ता वापरा. त्यात २५ बाबी आहेत, प्रत्येकीला ० ते ४, एकूण १००. दोघांनी एकच तास पाहून एकमेकांना न विचारता गुण द्यावेत आणि जिथे २ पेक्षा जास्त तफावत आहे तेवढ्यावरच बोलावं. हे गुण प्राचार्यांकडे किंवा बढतीच्या फायलीत जाणार नाहीत, हे आधी लेखी ठरवा. नाहीतर लोक शेलका तास दाखवतात आणि खरी अडचण दडवतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मोरेन

समन्वयक दोन ठेवा, मुदती एका सत्राच्या अंतरानं संपतील अशा. एकटा थकला की गटही बसतो. प्रत्येक कागदावर लेखकांची नावं, आवृत्तीची तारीख आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (इतरांना साहित्य वापरायची खुली परवानगी) पहिल्या पानावरच हवा; नंतर परवानगी मागायला जाल तर निम्मे जण संस्था बदलून गेलेले असतात. उत्तरसूचीची फाइल वेगळी ठेवा, तिचा दुवा फक्त शिक्षकांकडे.