मास इफेक्ट १ चा सेव्ह नवीन पीसीवर नेला तर २ मधे इम्पोर्ट होईल का?

सिडको_शेपर्ड
मास इफेक्ट या स्पेस गेमच्या लेजेंडरी एडिशनचा (तिन्ही भागांचा एकत्र संच) पहिला भाग जुन्या लॅपटॉपवर संपवला, आता घरी पीसी असेंबल केलाय आणि लॅपटॉप ताई रविवारी पुण्याला हॉस्टेलवर घेऊन चाललीये. तर सेव्ह नक्की कुठे असतो, कॉपी-पेस्ट करून चालतो का, आणि इम्पोर्ट करून मिळतं काय? बंदुका, चिलखत सगळं येतं की नुसता चेहरा? आणि व्हरमायर ग्रहावर माझा साथीदार रेक्स गेला, त्याला समजावायला बोलण्याच्या कौशल्याचे पॉइंटच पुरले नाहीत, तो पुढे पण मेलेलाच राहणार का? कॉलेज रोडचा एक मित्र म्हणतो इम्पोर्ट बिंपोर्ट सोड, डायरेक्ट २ चालू कर, घंटा फरक पडत नाही.

पंचवटीकर_पीसीवाला
चालतो. डॉक्युमेंट्समधे बायोवेअर, त्याच्या आत मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन, त्याच्या आत सेव्ह. तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घे. नवीन पीसीवर गेम एकदा चालू करून बंद कर म्हणजे तिकडे फोल्डर तयार होईल, मग त्यात टाक. विंडोज ११ असेल तर डॉक्युमेंट्स बऱ्याचदा वनड्राइव्हच्या पोटात गेलेलं असतं, तिथे पण बघ, नाहीतर रिकाम्या जागी शोधत बसशील. आणि पहिला भाग पूर्ण संपलेला पाहिजे, अर्धवट सेव्ह इम्पोर्टला दिसत नाही.

बंदुका येत नाहीत. चेहरा, क्लास, आणि तू घेतलेले निर्णय येतात, लेव्हल चांगली असेल तर सुरुवातीला थोडे क्रेडिट आणि पॅरागॉन-रेनेगेडचे (भलं किंवा निर्दयी वागण्याचे) पॉइंट. रेक्स मेलेला तो मेलेलाच, तुचांकावर, म्हणजे त्याच्या ग्रहावर, त्याच्या जागी त्याचा भाऊ रीव्ह भेटतो, आणि तो काय चीज आहे ते तुझं तू बघ. व्हरमायरच्या आधीचा सेव्ह असेल तर मागे जा, त्याच्या घराण्याचं चिलखत शोधून दे, मग पॉइंट नसले तरी ऐकतो.

आणि मित्राला सांग, इम्पोर्ट न करता, निर्णय विचारणारं सुरुवातीचं कॉमिक पण न बघता २ चालू केला तर गेम स्वतःच ठरवतो की रेक्स मेला, रॅकनाय या कीटकांसारख्या जमातीची राणी मेली, कौन्सिल (आकाशगंगेचं सरकार) पण मेली. सगळे गेले भो, एक शेपर्ड (म्हणजे आपण) सोडून.

नाशिकरोड_जुना_गेमर
हे इम्पोर्ट प्रकरण लई जुनं आहे, १९८२ च्या विझार्ड्री २ मधे तर पहिल्या भागातली पात्रं असल्याशिवाय खेळताच यायचं नाही. माझं आवडतं म्हणजे बाल्डर्स गेट. १९९८ च्या पहिल्या भागात सरायमधे एक श्रीमंत माणूस तुम्हाला नोकर समजून सोन्याची विजार धुवायला देतो, विनोद म्हणून सोडून देतो आपण. पण ती जपून ठेवली तर २००० च्या दुसऱ्या भागात सोबत येते, तिथे चांदीची मिळते, २००१ च्या एक्सपान्शनमधे काशाची, आणि तिन्ही जोडून जे भन्नाट चिलखत बनतं ना, राव! तलवारी-ढाली गेल्या सगळ्या, विजार तेवढी टिकली.

गंगापूररोड_आरपीजी
मी मित्राच्या बाजूने. रॅकनाय राणीला मारलं तरी तिसऱ्या भागात मिशन तेच, फक्त जागी दुसरी राणी. शेपर्डच्या जुन्या कॅप्टनला, अँडरसनला, मोठ्या विचाराने कौन्सिलवर बसवलं तरी तिसऱ्यात खुर्चीवर राजकारणी उदीनाच. एवढे फाटे सांभाळायचे म्हणजे प्रत्येक सीन दोनदा-तीनदा लिहायचा, रेकॉर्ड करायचा, आणि निम्मे लोक तो बघणारच नाहीत, म्हणून शेवटी सगळे रस्ते एकाच चौकात आणून सोडतात. ड्रॅगन एज मालिकेचंच बघा, २०१४ ला इन्क्विझिशनसाठी वेबसाइटवर बसून शेकडो निर्णय भरायचे, २०२४ च्या व्हेलगार्डमधे विचारतात फक्त तीन. विचर ३ ची आयडिया बरी, दाढी करता करता प्रश्न विचारून घेतात, सेव्ह नसला तरी काम झालं. त्यात फ्लॅग (सेव्हमधली निर्णयाची नोंद) चुकायची भीती वेगळीच, मूळ मास इफेक्ट २ मधे शेपर्डच्या चाहत्याशी, कॉनरॅड वर्नरशी, पहिल्या भागात कितीही गोड बोला, तो म्हणायचाच की माझ्या तोंडावर बंदूक धरली होतीस. तिसऱ्यात त्यांनी त्याच्याच तोंडून त्यावर कोटी करून घेतली.

पंचवटीकर_पीसीवाला
कॉनरॅडचं खरंय. पण क्वेरियन आणि त्यांनीच बनवलेले यंत्रमानव गेथ यांची समेट घडवायची तर २ चा सेव्ह लागतोच, तो नसेल तर तिसऱ्या भागात तो पर्यायच उघडत नाही. क्वेरियन साथीदार टाली ज्याला आवडते त्याला विचार फरक पडतो का. आणि २ च्या शेवटच्या मिशनमधे शेपर्ड मेला तर तो सेव्ह ३ मधे चालत नाही, म्हणून आधी सगळ्या साथीदारांची लॉयल्टी मिशन उरक आणि शिप अपग्रेड कर.

सिडको_शेपर्ड
मिळाला, वनड्राइव्हमधेच होता. व्हरमायरच्या आधीचा एक सेव्ह पण सापडलाय, ताईला सांगितलं लॅपटॉप शनिवार रात्रीपर्यंत माझा. चिलखताचं मिशन कुठून चालू होतं, रेक्सशी शिपवर बोलूनच ना?

पंचवटीकर_पीसीवाला
हो, शिपवर. प्रत्येक मोठ्या मिशननंतर जाऊन बोल, एका दमात सगळं सांगत नाही तो.